हळू वाजणारी टेप

हौशीराम सरांचा आवाज दौंड स्टेशनवर उतरणाऱ्या कित्येकांनी ऐकलेला असेल, पण चेहरा फार थोड्यांना माहीत आहे. एकवीस वर्षं ते तिथे गाड्यांच्या घोषणा करत होते, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. मूळचे ते वडगाव रासाईचे. वडील मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं फिरायचे. हौशीराम मात्र लहानपणीच दौंडला मावशीकडे राहायला गेले. ही मावशी रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या घरी स्वयंपाक करायची. त्या घरच्या व्हरांड्यात बसून त्यांनी इंग्रजी उचललं.

वडगाव माझंही माहेर. आमच्याकडे माहेरच्या गावचा माणूस कुठल्याही आळीतला, कुठल्याही जातीचा असो, बाईला तो भाऊच. मी त्यांना अण्णा म्हणते. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणतात. माझी मुलगी हर्षदा त्यांना मामा म्हणत मोठी झाली. हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढची चूक मी याच नात्यावर विसंबून केली.

२००३ साली सर रिटायर झाले आणि शिरूरला मार्केट यार्डाजवळ बियाण्यांच्या दुकानावरची खोली घेऊन त्यांनी क्लास काढला. परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, आयईएलटीएस, तिचा क्लास. गावात तिला 'लंडनची परीक्षा' म्हणत. हर्षदा तेव्हा नर्सिंगची पदवी घेऊन शिरूरच्याच एका दवाखान्यात काम करत होती. त्या सप्टेंबरात मुंबईला मुलाखत होऊन इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं तिची निवड केली. पत्रात अट होती: ३० एप्रिल २००४ पर्यंत या परीक्षेच्या प्रत्येक भागात साडेसहा गुण मिळवून निकाल पाठवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. ते पत्र मी इतक्या वेळा उघडलं की घडीवर फाटलं.

माझे यजमान सत्यजीत रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते म्हणाले, "पुण्यात मोठे क्लास आहेत. पोरीला तिथं पाठवू."

मी म्हटलं, "रोजचा एसटीचा प्रवास, वर ड्यूटी. आणि घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला?"

"घरचा म्हणजे तुझ्या घरचा," ते हसले. पण ऐकलं त्यांनी.

परीक्षेचे चार भाग. वाचणं, लिहिणं, बोलणं यात हर्षदा ठीक होती. भीती होती ती ऐकण्याची. टेप एकदाच लावतात. ऐकता ऐकता चाळीस प्रश्नांची उत्तरं लिहायची. शेवटी कुणी प्रोफेसर लेक्चर देतो, कधी मधमाश्यांवर, कधी जुन्या कोळशाच्या खाणींवर. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण आमचे प्राध्यापक इंग्रजी कविता मराठीतून शिकवायचे. मला त्यातलं अर्धंही कळलं नसतं.

सरांकडे चार कॅसेट होत्या आणि एक जुना टेपरेकॉर्डर. शनिवार-रविवार क्लास. लोडशेडिंगमुळे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून टेप सेलवर चालायची. सेल उतरले की सर ते गॅलरीच्या कठड्यावर उन्हात मांडून ठेवत. उन्हानं सेलमध्ये थोडा जीव येतो, हे आपल्याकडे घरोघरी करतात. पण अशा सेलवर टेप हळू चालते, आवाज जाड होतो. तळेगाव ढमढेऱ्याची प्रतिभा नावाची मुलगी क्लासला होती. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, ही बाई बोलतीय का पैलवान?"

सर म्हणाले, "थंड मुलूख आहे तो. घसे जाड होतात माणसांचे."

हर्षदानं ही नक्कल घरी जेवताना करून दाखवली होती. सत्यजीतना ठसका लागला इतके हसले.

दर रविवारी क्लास सुटला की मी दारातच विचारायची, "किती?"

"बत्तीस." पुढच्या वेळी चौतीस. मग छत्तीस. चाळीसपैकी. मी लगेच वडगावला वहिनीला फोन करून सांगायची. फोन ठेवताना म्हणायची, "आपल्या हौशीअण्णांची कृपा."

फेब्रुवारीत एकदा हर्षदा फॉर्मसाठी काढलेले फोटो घरी विसरली, म्हणून मी क्लासवर गेले. जिना चढून दारात उभी राहिले. टेप चालू होती, त्या जाड, संथ आवाजात, आणि मुलं खाली मान घालून लिहीत होती. डोक्यावर पंखा फिरत होता. टेपची वायर मात्र गुंडाळून बाजूला ठेवलेली. मला वाटलं, चला, मुलांना वारा तरी आहे. यापलीकडे माझं डोकं चाललं नाही.

मार्चमध्ये पुण्याला परीक्षा झाली. मी बाहेर झाडाखाली बसून होते. हर्षदा आली ती पांढरीफटक.

"आई, ती माणसं धावत सुटल्यासारखी बोलत होती."

"घाबरली असशील."

"हो," ती म्हणाली. "घाबरलेच असेन."

निकाल आला. तीन भागांत सात, आणि ऐकण्यात साडेचार. एकदा बसलं की तीन महिने पुन्हा बसता येत नव्हतं. म्हणजे ३० एप्रिल गेल्यातच जमा. सत्यजीतनी निकालाचा कागद घडी घालून कपाटात ठेवला. त्यांनी पुण्याचं नाव काढलं असतं तर बरं झालं असतं.

कुठं चुकलं ते तरी बघू, म्हणून मी सरांकडची एक कॅसेट मागवली आणि शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर आणून भिंतीच्या प्लगला लावला. एक बाई बोलू लागली. नाजूक, बारीक आवाजाची, आणि भराभर. वाक्य कळेपर्यंत पुढचं सुरू.

"ही दुसरी कॅसेट आहे का गं?" मी विचारलं.

हर्षदा म्हणाली, "नाही."

तेव्हा मला क्लासवरचा तो फिरणारा पंखा आठवला. खोलीत लाइट होती, आणि तरी टेप सेलवर होती.

रविवारी सकाळी क्लासच्या आधीच मी गेले. सर गॅलरीत कठड्यावर सेल मांडत होते.

"या ताई. च्या सांगू?"

"अण्णा, लाइट असताना टेप सेलवर का लावता?"

त्यांनी हातातला सेल ठेवला. स्टेशनवरचा तो स्वच्छ आवाज गेला आणि वडगावची बोली आली.

"आधी लाइटच नव्हती, ताई. खरंच नव्हती. मंग दिवाळीनंतर एक दिस लाइटीवर लावली, तर पोरं बारा न् तेरावर आली. दुसऱ्या शनिवारी अकरातली चारच आली. बाकीची म्हन्ली, सर, आमच्यानं हे व्हायचं न्हाई. मी म्हन्लं, थोडा दम धरू. आधी हळू, मंग वाढवू."

"मग वाढवली का नाही?"

"पोरं खुशीत होती. छत्तीस पडले की कशी हसायची. कुनाला सांगू, तुमचे छत्तीस खोटे हायेत म्हनून?"

"मला सांगायचं. मी कोण तुमची? दर रविवारी तुमचं नाव घेऊन गावाला फोन करत होते मी!"

"म्हनून तर न्हाई सांगता आलं."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मेंढरं चुकीच्या वाटेनं घातली तर धनी तुमच्या बापाला काय म्हणाला असता, असंही बोलले. ते बोलायला नको होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "येक इचारू? घरी पोरीला इचारलं का तुम्ही?"

"तिला काय विचारायचं?"

"सगळ्यात आधी तिनंच वळखलं. दिवाळीनंतर ज्या दिशी लाइटीवर लावली, तवाच. म्हन्ली, मामा, खरा आवाज हा हाय ना? मी व्हय म्हन्लो. म्हन्ली, मंग मला लाइटीवर द्या. दोन रविवार बाकीची गेल्यावर थांबून बसली. बारा पडले, मंग चवदा. मंग स्वतःच म्हन्ली, राहू द्या मामा, हळूच लावा."

मी जिना उतरून थेट घरी आले. माणूस परका निघाला तर राग तरी धरता येतो.

हर्षदा ड्यूटीवरून आली होती, पाय धूत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं नळ बंद केला. "हो."

"आणि मला छत्तीस सांगत होतीस?"

"छत्तीस पडत होते, आई. तेच सांगत होते."

"हर्षदा!"

"चौदा सांगितले असते तर तू काय केलं असतंस? एकदा अठ्ठावीस सांगितले होते, आठवतं? तू दोन दिवस जेवली नव्हतीस. उपास आहे म्हणालीस. मंगळवार होता का तो? गुरुवार होता का?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला वाटलं, ऐन वेळी होईल कसंतरी. इतर सगळं होतंच ना माझं कसंतरी."

दोघांनी मिळून मला फसवलं, असंच मला वाटतं. पण फसवताना दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत होते, हेही मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

क्लासच्या बाकीच्या मुलांना सरांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं, असं प्रतिभाकडून कळलं. चार जण सोडून गेले. प्रतिभा राहिली. सर आता टेप लाइटीवरच लावतात, लाइट नसेल तर क्लास बंद ठेवतात.

तीस तारखेला हर्षदानं हॉस्पिटलला स्वतः पत्र टाकलं. मला दाखवलं नाही. महिन्याभरानं त्यांचं सभ्य उत्तर आलं, जागा भरली गेली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यानंतर तिनं दौंडच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. पहाटे साडेपाचच्या एसटीनं जाते. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला आहे, हे मला सत्यजीतकडून कळलं. तयारी कुठे करते, कशी करते, ते मी विचारलेलं नाही. दौंडला ड्यूटी सुटल्यावर घरी यायला तिला कधी कधी दोन तास उशीर होतो, आणि सरांची मुलगी तिथेच रेल्वे कॉलनीत राहते, सर तिच्याकडे जात-येत असतात. मी अंदाज करू शकते. करत नाही.

परवा भाऊबीज झाली. दरवर्षी सर दुपारी यायचे, वडगावच्या बोरांची पिशवी घेऊन. या वर्षी आले नाहीत. मी वाट पाहिली नाही, असं हर्षदाला सांगितलं. ते खरं नाही. ताट मी चार वाजेपर्यंत वाढून ठेवलं होतं, आणि दाराची कडीही घातली होती.