पिल्लू प्यालं का?
खरवसातल्या वेलदोड्याचा वास आला की झरी गावातला तो गोठा आठवतो. शेळ्यांच्या प्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी मी तिथं रक्ताचे नमुने घेत होतो. एक शेळी विताना मेली, पिल्लू तेवढं राहिलं. शेजारीण आपल्या नुकत्याच व्यालेल्या शेळीचा चीक घेऊन आली. खरवसासाठी तिची लेकरं मागं लागली, तशी म्हणाली, “थांबा रे! आदी ह्याला पिऊ द्या, उरला तर तुमाला.” पिल्लाचं पिण्याआधीचं आणि दुसऱ्या दिवशीचं रक्त मी प्रयोगशाळेत तपासलं; दोन्हींचा एकेक थेंब चाचणीच्या जेलच्या थरात सोडला. पिण्याआधीच्या थेंबाभोवती काहीच नव्हतं. दुसऱ्याभोवती रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचं शुभ्र कडं उमटलं होतं. परक्या आईनं सोसलेले सगळे आजार त्या इवल्या जिवाची ढाल झाले होते! वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेलं ते कडं मी बघतच राहिलो. आजही खरवसाची वाटी पुढं आली की आधी विचारतो, “पिल्लू प्यालं का?”