मायची एकदाणी तिजोरीत होती

गॅस कटरचा सूं सूं आवाज कानावर आला की आजही माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, किती वर्षं झाली त्याला, सोड आता. सोडू कशाला? माझं तेव्हा कोणी ऐकलं होतं का?

तिजोरी आमच्या मंडळाची होती. भिलाईचा कारखाना उभा होत होता, अन् कॅम्प-एक या मजूरवस्तीत आमची सगळी घरं बांबूच्या तट्ट्यांची अन् टिनाची. एका घरची चूल भडकली की अख्खी ओळ जळायची. म्हणून नागपूर-भंडाऱ्याकडून कामावर आलेल्या आमच्या लोकांनी दुर्गहून एक जुनी तिजोरी आणली अन् विहाराच्या खोलीत ठेवली. कॅम्पात तेवढी एकच खोली पक्की. बायकांनी आपापलं किडुकमिडुक फडक्यात बांधून तिच्यात ठेवलं. चावी एकच. ती मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांकडे. त्यांना सगळे आजोबा म्हणत. आजोबांनी ती कमरेच्या करदोड्याला बांधली होती, अंघोळीलाही सोडत नसत.

ताईच्या लग्नाच्या साली आमच्यातल्या राहिलेल्या घरांनीही धम्मदीक्षा घेतली. दीक्षा घेतली की जुने देव, टाक, ताईत, गंडेदोरे, करदोडे सगळं घराबाहेर काढायचं अन् नदीत सोडायचं. घराघरातून टोपली फिरली. आजोबांना भारी उत्साह. भर सभेत उभे राहिले, कमरेचा करदोडा कात्रीनं कापला अन् टोपलीत टाकला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. टोपली त्याच दिवशी शिवनाथ नदीत रिकामी झाली.

चावी कुठे आहे, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आलं ते ताईच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, माय एकदाणी मागायला गेली तेव्हा. आजोबांनी हात कमरेला नेला. नेला तो तिथंच राहिला. त्यांची म्हातारी आतून ओरडली, "मी म्हणत होती ना, पाहून टाका! पन ह्यांची घाई!"

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. मणी पोकळ, वरून पातळ सोनं अन् आत लाख भरलेली. माझ्या आजीनं धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, मजुरी करून एकेक मणी जमवला होता. आजी गेली, तिचं म्हणावं असं मायकडे तेवढंच उरलं. ताई लहान होती तेव्हापासून माय तिला म्हणायची, "हे तुही. तुह्या लग्नात मी माह्या हातानं घालीन." नवऱ्याकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. मंडळातले काही तर मायला समजवायला आले, की आता आपल्या लग्नात सोनं कायले पायजे, दोन हार पुरे. माय म्हणाली, "हार तुमी घाला. मले माह्या मायचं पोरीले द्याचं हाय."

मग सुरू झाला तमाशा. बाप्पा, काय ती माणसं! प्रत्येकाला वाटे, तिजोरी आपल्याचकडून उघडेल. एक फिटर हातोडा घेऊन आला, त्यानं मूठच तोडली. बाबा रिगर होते, अवजड सामान उचलून जाग्यावर बसवायचं काम. ते आपल्या जोडीदारांना घेऊन आले, दाराच्या फटीत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घातली अन् हेइसा हेइसा करत सब्बलच वाकवली. कोणी म्हणे उलटी करून आपटा. मी म्हटलं, दुर्गहून चावीवाला आणा. कोणी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी तेच कोणीतरी पुरुषानं म्हटलं, तेव्हा लगेच माणूस धाडला.

चावीवाला आला, कुलूप पाहून वैतागला. "किसने ठोका इसको?" त्यानं कोरी चावी दिव्यावर काळी केली, आत घालून फिरवली, जिथं घासल्याच्या खुणा उमटल्या तिथं कानस मारली, पुन्हा काळी केली. असं तो कितीदा तरी करत बसला. शेवटी म्हणाला, घरी नेऊन घासतो, जमलं तर रविवारी सकाळी आणतो. लग्न रविवारीच होतं. माय म्हणाली, "थांबू. नाहीच झालं तं मागून देईन पोरीले. पन नीट निघू द्या."

शनिवारी मात्र बाबांना राहवलं नाही. पाहुणे यायला लागले होते. "अख्खी भट्टी उभी करून राहिलो आमी, अन् हा डब्बा उघडत नाही? लोकाइसमोर नाक कापाचं हाय का?"

"अजी, थांबा ना सकाळलोक," माय म्हणाली.

थांबतात कसले! आमच्या ओळीत एक काका राहत, ते प्लांटमध्ये गॅस कटरवर कामाला. त्यांनी ठेल्यावर सिलिंडर घालून आणले. कारखान्यातल्या माणसांची ही खोडच, काही अडलं की काप. मी धावत गेले. "काका, आत लाख हाय! मनी वितळतीन!"

"पोरी, म्या रोज इंचाइंचाचे प्लेट कापतो. ह्या पत्र्याचं काय घेऊन बसली?"

"कापता येते, ते मले माहीत हाय. आतलं जळन, त्याचं काय?"

"पानी मारू ना."

बाबा माझ्यावर खेकसले, "चूप बस! मॅट्रिकले गेली म्हणून लय शाहानी झाली का?" असा संताप आला होता मला! पण करते काय? दोघांनी बादल्या धरल्या अन् काकांनी निळी ज्योत कुलपाशी लावली.

फटीतून धूर आला. मग वास आला, चुडीवाल्याच्या दुकानात लाख तापते तसा. मायला तो आधी कळला. ती भिंतीशी बसली होती, ती उठून उभी राहिली. तेवढ्यात दार उघडलं अन् पुरुषांनी आरोळी ठोकली. बाबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली.

खालच्या फळीवरची गाठोडी धड होती. मायचं गाठोडं लग्नात आधी काढायचं म्हणून वरच्या फळीवर, कुलपाच्या मागेच ठेवलं होतं. फडक्याचा कोळसा झालेला. लाख उतू जाऊन थिजली होती अन् तिच्यात सोन्याचे चुरगळलेले पापुद्रे अडकलेले. एकही मणी मणी राहिला नव्हता.

काकांनी तो गोळा हातात घेऊन पाहिला. "सोनं कुठं जाते वैनी? सोनं तेवढंच हाय. सोनार नवीन करून देईन." मग जो तो तेच म्हणू लागला, सोनं तेवढंच हाय. एकालाही वाटलं नाही की गप्प बसावं.

रविवारी सकाळी चावीवाला चावी घेऊन आला. ती लागली असती की नाही, ते कळायलाही कुलूप उरलं नव्हतं.

लग्न छान झालं. पांढऱ्या लुगड्यात ताई शोभत होती. पंचशील झालं, दोन हार झाले. माय वाढण्यातच राहिली, पुढे आलीच नाही. निघायच्या आधी ताई तिच्यापाशी गेली. "माय, मले तसंच दे. जळलं तं जळलं."

"जळकं लेकीच्या पदरात घालू का वं?" माय म्हणाली, अन् दिलं नाही.

ताईचं सासर नागपूरला, अन् तिकडची गाडी दुर्गहून होती. सगळे निघाले, माय चुलीपाशी बसलेली. बाबा आत गेले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "चाल ना. पोरगी जाऊन राहिली."

"तुमी जा. रिकाम्या हातानं कशी येऊ मी?"

स्टेशनावर ताई डब्याच्या दारात उभी होती. आम्ही सगळे तिच्यासमोर उभे, पण ती आमच्या डोक्यावरून मागे फाटकाकडे पाहत होती. गाडी हलली तरी तिथंच पाहत होती. माय आली नाही.