शब्दाला एक

मी मुलांवर हात उचलत नाही, हे मी चारचौघांत फुशारकीने सांगायचे. लहानपणी आमच्या मास्तरांनी डस्टर फेकून माझी भुवई फोडली होती, तेव्हाच ठरवलं होतं की आपण असं जनावर व्हायचं नाही. कांजूरमार्गच्या शाळेत चौदा वर्षं गणित शिकवलं, एकालाही चापट मारली नाही. माझ्याकडे छडीपेक्षा सोयीचं हत्यार होतं, लाल पेन.

पोर बिघडलं की त्याच्या शाळेच्या डायरीत शेरा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली पालकांची सही बघायची, ही आमची पद्धत. बाकीच्या बाया ‘अभ्यास नाही’ एवढं खरडून मोकळ्या व्हायच्या. मी मात्र पूर्ण वाक्यं लिहायचे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. ‘वारंवार सूचना देऊनही वर्तनात सुधारणा नाही. पालकांनी गांभीर्याने लक्ष घालावे.’ माझे शेरे स्टाफरूममध्ये कौतुकाने वाचले जायचे आणि मलाही त्याचं भारी अप्रूप.

पंधराव्या वर्षी सहावीत एक मुलगी होती. आई नव्हती, बाप मरोळच्या एका कारखान्यात कामाला. जूनमध्ये ती अपूर्णांक फटाफट सोडवायची. दिवाळीनंतर साधे पाढेही आठवेनात आणि हात मात्र चालायला लागले. शेजारणीचं डोकं तिने बाकावर असं आपटलं की त्या पोरीचा ओठ फाटला. दुसऱ्या एकीच्या तळहातात कर्कटक खुपसलं. प्रत्येक वेळी मी शेरा लिहिला आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी बापाची ठसठशीत सही हजर. मला वाटायचं, चला, बाप लक्ष तरी घालतोय.

मुलांच्या मनाचं आरोग्य नीट असेल तर अभ्यासही सुधारतो, असं सांगणारं एक प्रशिक्षण मध्यंतरी शाळेत झालं होतं. पडद्यावर हसरे-रडके चेहरे दाखवत होते. मी मागे बसून वह्या तपासल्या, समोसा खाल्ला आणि हजेरीवर सही ठोकली. असली थेरं करायला आम्हाला वेळ कुठे, असं शेजारच्या बाईंना म्हणालेही.

जानेवारीत मुख्याध्यापिकांनी बजावलं, या मुलीची अजून एक भानगड झाली की दाखला हातात द्यायचा. पुढच्याच आठवड्यात घटक चाचणी होती. तिने पेपर कोरा दिला. मी डायरी मागितली, तिने दप्तर पोटाशी धरलं. मी ते हिसकावलं, डायरी ओढून काढली, पेनचं टोपण काढलं, तोच तिने माझं मनगट दातांत पकडलं. नुसती चावली नाही, धरून ठेवलं. रक्त डायरीवर टपकलं. आणि मी तिच्या कानशिलात लगावली. मग अजून एक. खरं सांगते, दुसरी मारताना मला बरं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

ती रडली नाही. तोंड पुसत म्हणाली, “अजून मारा ना बाई. तुम्हीच मारा. पण डायरीत नका ना लिहू.”

“का गं?”

“पप्पा मोठ्याने वाचायला लावतात. शब्दाला एक.”

मी तिला रिकाम्या प्रयोगशाळेत नेलं. तिने पाठमोरी होऊन शर्ट वर केला. कारखान्यातून आणलेल्या मशीनच्या रबरी पट्ट्याचे वळ होते, जुने काळपट, नवे लालभडक, एकावर एक. शाळेतून घरी जाताना ती शब्द मोजत जायची, तिनेच सांगितलं. गणितात मागे पडलेली ती पोरगी या मोजणीत कधीच चुकली नव्हती. मी तिथेच उभ्या उभ्या माझा तो आवडता शेरा मोजला. दहा शब्द. तो मी तीनदा लिहिला होता. माझ्या तासाला तिला पाढे कुठून आठवणार, ती तासभर माझ्या पेनाकडेच बघत बसत असणार.

मुख्याध्यापिकांनी बापाला बोलावून घेतलं. तो कामावरून तसाच आला, हात जोडून उभा राहिला. “बाई, तुम्ही लिहिता तसं मी लक्ष घालतो. अजून कमी पडतंय का?”

टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याचे दात पाडावेत असं मला वाटलं. “मी पोलिसांत जाणार,” मी म्हटलं.

त्याने मुलीच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. “चला ना. ही बोटं कोणाची उठलीत, ते पण सांगू.”

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला ओढलं. “वेडी आहेस का? नोकरी जाईल तुझी. दाखला देऊ आणि विषय संपवू.” दाखला दिला असता तर ती पोरगी तो हातात घेऊन त्याच माणसाबरोबर घरी गेली असती. त्या दाखल्यावरचे शब्दही त्याने वाचायला लावले असते.

“चला,” मी त्याला म्हटलं.

पोलीस ठाण्यात साध्या कपड्यांतल्या एका पोलीसबाईंनी तिला खुर्चीत बसवून पाणी दिलं. आम्हा दोघांना दाराबाहेर उभं केलं, दार उघडंच होतं. पाठीवरचे वळही बाईंचेच, असं बाप सांगणार होता; ती बोलली नसती, तर तिला घरी न्यायला त्याला कोणी अडवणार नव्हतं.

“तुला कोण मारतं बाळा?” पोलीसबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

तिने हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. बाप नाकातून हसला. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आता मी काय करते ते.

“खरं आहे,” मी म्हटलं. “आज मी मारलं तिला. लिहून घ्या.”

पोलीसबाईंनी लिहून घेतलं. त्या पोरीला कोणी ओरडलं नाही, कोणी हात उगारला नाही. तिने लिहिणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग तेच बोट बापाकडे वळवलं.