घरपोच नोटरी

नोटरी घरी येतो हे मला भावाच्या फोनवरून कळलं आणि माझं डोकंच फिरलं. नांदेडला मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. जन्मतारखेची, नावातल्या बदलाची प्रतिज्ञापत्रं रोज माझ्या टेबलावर येतात. त्यासाठी बायका कडेवर लेकरू घेऊन कोर्टाबाहेर उन्हात उभ्या राहतात. त्यांच्या घरी कुणी शिक्का घेऊन गेल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या मायसाठी मात्र साहेब स्वतः लातूरला भावाच्या घरी येणार होते.

"तिला कुटं न्यायचं, आक्का? खुब्याचं हाड मोडलंय. मुखत्यारपत्र करायचंय. तू गवाह म्हणून ये," भाऊ म्हणाला.

"कशाचं मुखत्यारपत्र?"

"हेच की, लाईटबिल, ग्रामपंचायत. बारकी बारकी कामं हायत."

बारकी कामं! मायच्या नावावर जगात एकच वस्तू होती, किल्लारीकडचं घर. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं. वडील त्याच्या आधीच गेलेले, म्हणून उतारा मायच्या नावाचा निघाला. तीन महिन्यांपूर्वी अंगणात पाय घसरेपर्यंत ती तिथं एकटी राहत होती, आणि मजेत राहत होती.

मला साक्षीदार म्हणून का बोलावलं, हे कळायला मला वेळ लागला नाही. ज्या कागदावर बहिणीची सही आहे त्या कागदावरून बहीण उद्या भांडू शकत नाही. भावाला हे सुचलं याचंच मला नवल वाटलं. वडिलांच्या शेतातला माझा हिस्सा त्यानं असाच घेतला होता. आमच्याकडे रीतच आहे. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडीचोळी करायची आणि भावकीनं म्हणायचं, पोरगी लई गुणाची. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला पंचमीला माहेरी न्यायला कुणी मुळाळी पाठवत नाही. मी गुणाची निघाले. ती साडी दुसऱ्या धुण्याला विटली. त्या दिवसापासून मला माझा भाऊ आवडत नाही. हे सरळ लिहिलेलं बरं.

मी सकाळच्या बसनं लातूरला गेले. मायची खाट जिन्याखाली टाकली होती. भावजय मायच्या अंगाखालचं भांडं काढून न्हाणीकडे निघाली होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढीच. मीही तिची विचारपूस केली नाही. खाटेशेजारी बसले आणि मायचा हात हातात घेतला. हात चिमणीएवढा झाला होता.

साहेब स्कूटरवर आले. हेल्मेट टीपॉयवर ठेवलं आणि बॅगेतून रजिस्टर, शिक्का, शाईचं पॅड आणि तयार टाईप केलेला कागद काढला. भावाशी हसले. भावाला आधारची झेरॉक्स मागितली, फोटो मागितला. चहाला साखर किती, हेही भावालाच सांगितलं. कागद लिहून देणारी माय दोन हातांच्या अंतरावर पडली होती, पण तिला त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ तिचा अंगठा धरला आणि पॅडकडे ओढला.

"थांबा," मी म्हणाले. "आधी वाचून दाखवा."

"मॅडम, मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

"मग तिकडं जाऊन या. आम्ही बसतो."

भाऊ लाल झाला. "आक्का, तू भांडण लावाया आलीस काय?"

"तू गवाह म्हणून बोलावलंस. गवाहानं ऐकावं लागतं. बहिरा, मुका गवाह पाहिजे होता तर शेजारून बघायचा होतास."

साहेबांनी वाचायला घेतलं. पुढचं लग्न गाठायचं असलेल्या भटजीसारखे ते वाचत सुटले. सदर मिळकतीची घरपट्टी भरणे, वीजबिल भरणे, अर्ज करणे, आणि मग त्याच दमात विसार घेणे, खरेदीखत करून देणे, ताबा देणे. मी म्हणाले, हे शेवटचं परत वाचा. त्यांनी परत वाचलं, जरा हळू. विक्रीच्या वेळी हे रजिस्ट्रीतही नोंदवावं लागेल, असंही मग सांगितलं. आता एवढं सगळं आठवलं त्यांना.

मायला कमी ऐकू येतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माय, तुझं घर इकायचा कागद हाय ह्यो. लाईटबिलाचा न्हाई. तुला फसवू लागलेत."

मला वाटलं, आता ती हात काढून घेईल. त्या क्षणाची मी नांदेडपासून वाट बघत होते, हेही खोटं नाही. भावाचं तोंड उतरलेलं मला बघायचंच होतं.

"म्हाईत हाय," माय म्हणाली. "त्यानं काल सांगितलंय."

भाऊ जमिनीकडे बघत होता. म्हणजे खोटं त्यानं फक्त मला सांगितलं होतं. यानं माझा राग कमी व्हायचा तर तो दुप्पट झाला.

"म्हाईत हाय तर मग कशाला देतीस? तुझं घर हाय ते. बरी झालीस की परत जाशील. अंगठा लावू नको. तुझ्यावर कुणाची जबरी न्हाई."

मायनं माझ्याकडे बघितलं. भावजय न्हाणीतून आली होती. रिकामं, धुतलेलं भांडं हातात घेऊन ती दारातच उभी राहिली.

"बरं," माय म्हणाली. "न्हाई लावत. मग मला नांदेडला नेतीस का तू?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दोन खोल्या. दहा ते पाच माझी नोकरी. नवऱ्याला घरात औषधाचा वाससुद्धा सहन होत नाही. एकही कारण खोटं नव्हतं. पण तिनं कारणं विचारलीच नव्हती. भावाला सुनावण्यासाठी सकाळपासून माझ्या तोंडात शब्द मावत नव्हते, आणि आता "चल" एवढा एक शब्द बाहेर येईना.

"बघू की, माय," मी म्हणाले. "ह्यांना इचारते."

ती रागावली असती तर मी भांडले असते. तिनं फक्त मान हलवली, बाजारात भाव पटला नाही की हलवतात तशी. आणि अंगठा स्वतःच पुढं केला.

"घ्या, सायेब. तुमास्नी लई लांब जायाचंय."

त्यांनी शाई लावून कागदावर अंगठा टेकवला, मग रजिस्टरमध्ये टेकवला. दोन्हीकडे नीट उमटला. भावानं साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून कागद माझ्यासमोर धरला. त्याच्या चेहऱ्यावर विजय असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमलेला दिसत होता. मी सही केली.

मायचा अंगठा निळाभोर झाला होता. मी तिच्या उशाशीच होते, माझा रुमालही बाहेर काढलेला होता. तिनं हात माझ्यावरून पलीकडे, दाराकडे लांब केला आणि भावजयीला म्हणाली, "बाई, एवढं पुस गं."