शोरूमचं मागचं दार

गेल्या महिन्यात सोलापुरात भर पेठेतलं एक जुनं मोटारींचं शोरूम पाडलं. जेसीबीनं मागची भिंत ओढली आणि प्लायवूडमागचं रुंद लाकडी दार उघडं पडलं. मला राहवलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगूनच टाकलं, "या दारानं माझी एक केस सोडवली होती." नोकरीतल्या कितीतरी केसेस आता आठवत नाहीत. ही मात्र एकेका तासासकट आठवते.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. अमावास्येची दुपार. आमच्याकडे अमावास्येला नव्या गाडीची डिलिव्हरी कोणी घेत नाही, म्हणून शटर ओढून सगळे निवांत जेवायला गेले. बाहेर फक्त वॉचमन. परत येऊन पाहतात तर एक कोरी पांढरी गाडी गायब आणि शटरचं कुलूप जसंच्या तसं.

मालकांनी ती इमारत नुकतीच घेतली होती. फिर्याद देताना ते ठामपणे म्हणाले, "दार एकच आहे साहेब. वॉचमन सामील असल्याशिवाय गाडी जाईल कशी?"

मलाही ते पटलं. वॉचमन मूळचा सांगोल्याकडचा, साठीचा. त्याला ठाण्यात बसवलं, त्याच्या घराची झडती घेतली. काही मिळालं नाही, तरी मी आवाज चढवायचा तो चढवलाच. तो एवढंच म्हणत राहिला, "मी जागचा हललो न्हाय साहेब. मला चोर म्हनू नगा." मी अटकेची कागदपत्रं तयार करायला सांगितली.

तेवढ्यात शोरूमच्या मागच्या गल्लीतले एक म्हातारे विणकर आत आले.

"दुपारी मागचं दार वाजलं साहेब. वाटलं, तुम्हाला सांगावं."

"कसलं दार?"

"शोरूमच्या आधी तिथं चादरींचं गोदाम होतं की. गठ्ठे त्याच दारानं गाड्यावर चढायचे."

मी खुर्चीतून उठलोच. पंचांना घेऊन शोरूम गाठलं. मागच्या भिंतीवर गाडीचं भलंमोठं पोस्टर होतं, त्यामागं प्लायवूड. हात लावला तर ते हललं. खिळे कोणीतरी काढलेले होते. प्लायवूड बाजूला केलं, तर आत ते दार. आणि त्याच्या पुढ्यात फरशीवर चार चिरडलेली लिंबं, रस अजून ओला. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला हसू आवरेना. मला तर नाचावंसं वाटत होतं. चोरानं चोरीच्या गाडीचीही रीत पाळली होती!

डिलिव्हरीच्या वेळी चाकांखाली लिंबं ठेवायचं काम शोरूमच्या एका ड्रायव्हरचं होतं. त्याला बोलावलं, चहा दिला, घरच्या चौकशा केल्या. वडील काय करायचे, असं सहज विचारलं. "गोदामात हमाल व्हते," तो म्हणाला आणि जीभ चावली. मी म्हणालो, "मग दार माहीत असणारच. लिंबं कुठून आणलीस?"

"अमावास्या व्हती साहेब. लिंबाबिगर नवी गाडी कशी काढू? भ्या वाटलं."

चोरीचं भय वाटलं नव्हतं! दिवस मावळायच्या आत त्यानंच दाखवलेल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद शेडमधून गाडी ताब्यात घेतली. मुद्देमाल जमा झाला, पथक खुशीत होतं. मी हसतच वॉचमनला म्हणालो, "जा मामा घरी. सुटलात तुम्ही."

तो उठला नाही. "झडतीला जीप घिऊन आला तवा आख्ख्या गल्लीनं बघितलंय साहेब. एकला गेलो तर कोन इस्वास ठेवंल?"

माझा सगळा आनंद उतरला. चोर सापडला म्हणून मी खूश होतो आणि या माणसाची अब्रू अजून माझ्याच ताब्यात होती. मी टोपी घातली, त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. गल्लीत उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे निर्दोष आहेत. चूक माझी झाली." त्याच्या बायकोनं दारात पाणी दिलं.

तपास कसा करावा, हे मला वरिष्ठांनी शिकवलं. तो संपतो कुठे, हे वॉचमनच्या दारात कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत चौकशीला आणलेला एकही निर्दोष माणूस मी एकटा घरी पाठवला नाही.