नानांनी गेट विकलं नाही

आमच्या आमदाराने नानांना फसवलं. कॉलनी म्हणते, नानांनी कॉलनीला फसवलं. कॉलनी चुकते आहे.

नानांना सगळे 'बिनविरोध नाना' म्हणत. पाण्यावरून भांडण असो की गणपतीच्या मंडपाची जागा असो, नाना बोलले की विषय संपायचा. त्यांची रीत एकच होती. भांडणाऱ्यांना ते आधी खाली बसवत. ओट्यावर, पायरीवर, काही नसेल तर बादली उलटी घालून तिच्यावर. "उभ्यानं बोलू नका, आवाज चढतो," म्हणायचे. तोवर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा आणायच्या, आणि हातात गरम कप असताना कुणाला हात उगारता येत नसे.

ते मूळचे येवल्याकडचे. ओझरला नोकरी करून निवृत्त झाले आणि आमच्या कॉलनीत घर बांधलं. माझा धंदा जुन्या बांधकामाच्या सामानाचा. पाडलेल्या घरांचे दरवाजे, खिडक्या, लोखंडी गेटं. शून्यातून उभा केलाय, आणि भाव करताना मी बापालाही सोडत नाही. नाना घरासाठी दरवाजा बघायला आले तेव्हा मी नेहमीसारखा चढा भाव सांगायच्या तयारीत होतो. नाना म्हणाले, "शेठ, मला लाकडातलं काय कळत नाय. तुमच्या घराला लावाल तो द्या. पैसे तुम्ही म्हणाल ते." घासाघीस केली असती तर मी त्यांना सोलून काढलं असतं. आता काय करणार? चांगल्यातला चांगला सागवानी दरवाजा खरेदीच्या भावात दिला आणि दिवसभर कामगारांवर चिडचिड केली. नाना माणसावर असा भरवसा टाकत की त्याला वाकडं वागायची लाज वाटावी. ज्याला लाजच नाही असा माणूस तोवर त्यांच्या ओट्यावर बसला नव्हता.

आमची कॉलनी नाशिकरोडच्या पुढे. एका बाजूला रेल्वेलाइन, मागून वळसा घालून गेलेला नाला, आणि उरलेल्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्याची भिंत. बाहेर पडायला वाट एकच, रुळांखालची मोरी. पावसाळ्यात ती कमरेएवढी भरते. मग रिक्षा येत नाही, अॅम्ब्युलन्स येत नाही, कामावर जाणाऱ्या बायका रूळ ओलांडून जातात. कारखान्याच्या भिंतीत मात्र एक मोठं गेट आहे, कायम कुलूप लावलेलं. ते उघडलं की हमरस्ता समोर. काकूंचं डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून नाना ओट्यावर त्या गेटाकडे पाठ करून बसायला लागले.

पोटनिवडणूक लागली तेव्हा मीच म्हणालो, हीच वेळ आहे. एरवी आमच्या मतांना कोण विचारतो? पण पोटनिवडणुकीत अख्खं सरकार एका मतदारसंघात येऊन बसतं. आम्ही मोरीवर फलक लावला, गेट उघडत नाही तोवर मतदान नाही. नाना पुढे होते म्हणून सगळी घरं बहिष्काराला तयार झाली. उमेदवार, म्हणजे आजचे आमदार, धावत आले. नानांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. उमेदवार म्हणाले, "नाना, आचारसंहिता आहे, लेखी काही देता येत नाही. पण उद्या सकाळी गेट उघडं दिसेल. मग तर झालं?"

सकाळी गेट खरोखर उघडं होतं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला. नानांनी काकूंना त्या वाटेने रिक्षातून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर मला सांगत होते, "सगळा रस्ता ती नुसती बाहेर बघत व्हती."

मी जाऊन गेट बघून आलो. आयुष्यभर गेटं विकली आहेत, त्यातलं मला कळतं. नानांना म्हटलं, "गेट उघडलंय, काढलेलं नाही. बिजागऱ्यांना तेल घातलंय. दोन्ही झडपा उतरवून माझ्या गोडाऊनला टाकायला सांगा, मग फलक काढू."

"शेठ, उघडलं ना त्यांनी? आता झडपा उतरवा म्हणायचं म्हंजे माणसाला तोंडावर चोर म्हणायचं."

"मग म्हणा की. मत दिल्यावर म्हणून काय उपयोग?"

"तुम्ही आधी बसा."

मी बसलो नाही. तरातरा निघून आलो. नानांनी स्वतः शिडीवर चढून फलक उतरवला आणि कॉलनीने रांग लावून मतं दिली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी गेटाला कुलूप. वॉचमन म्हणाला, मालकांची परवानगी निवडणुकीपुरतीच होती, प्रचाराच्या गाड्यांना ये-जा करायला. नाना आमदारांच्या कार्यालयात खेटे घालू लागले. तिथे त्यांना बसवून ठेवत. चहाही मिळायचा.

पावसाळ्यात मोरी भरली. काकूंना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी खांद्यावर पाण्यातून नेलं. नाना मागून चालत होते, एका हाताने खुर्चीची पाठ धरून. त्यानंतर त्यांनी नाशकात द्वारका चौकापाशी, दवाखान्याजवळ खोली भाड्याने घेतली. कॉलनीत कुजबुज सुरू झाली, भाड्याला पैसा कुठून आला? नानांनी गेट विकलं.

टेम्पोत सामान चढवताना हे वाक्य कुणीतरी मुद्दाम मोठ्याने बोललं. मी अंगावर धावून जाणार तेवढ्यात नानांनी माझा हात धरला. "राहू द्या शेठ. मी सांगितलं म्हणून त्यांनी मतं दिली. इथं कोंडले गेले ते माझ्यामुळं. मला नाय बोलणार तर कुणाला बोलतील?"

गेल्या हिवाळ्यात नाना त्याच खोलीत वारले. दशक्रियेला रामकुंडावर कॉलनीतली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच आली. त्याच सकाळी मोरीवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. आमदारांचा फोटो मोठा, नानांचा लहान, आणि खाली 'आमचे निष्ठावंत कार्यकर्ते'. नाना आयुष्यात कुठल्याही पक्षाचे नव्हते. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही तो वाचून खात्री पटली. मी तो फ्लेक्स फाडला. माझ्यावर पोलिसात तक्रार झाली आहे, होऊ द्या.

परवा काकूंना भेटायला गेलो होतो. निघताना त्यांनी खाली बघत विचारलं, "शेठ, ह्यांनी खरंच काय घेतलं नव्हतं ना?" इतकी वर्षं ज्या बाईने त्या माणसाचा संसार केला, तिला हे मला विचारावं लागलं.

आमदारसाहेब, गेटासाठी आम्ही भांडत राहू. आज माझं मागणं दुसरं आहे. मोरीपाशी या. कॉलनीला मी गोळा करतो, काकूंनाही आणतो. त्यांच्याकडे बघून सगळ्यांसमोर सांगा, त्या दिवशी तुम्ही नानांना शब्दाशिवाय काय दिलं होतं?