जमलं नाही, परत पाठव

आमच्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते ठरवताना झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. आम्ही तिघे होतो. मी गिटार वाजवायचो आणि गायचो. आईच्या मते ओरडायचो. पोटापाण्यासाठी मी पाटोद्यात दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेतो. बेस गिटारवाला शेजारच्या गावच्या माजी सरपंचांचा मुलगा. त्याच्याकडे जमीन, ट्रॅक्टर आणि कापसाचं गोदाम होतं, आणि खरं सांगायचं तर गोदामामुळेच तो बँडमध्ये होता. त्याच्या गिटारीला चार तारा आहेत, त्यांतल्या दोनच त्याला लागतात. तिसरा आमचा ड्रमर. तो ऊसतोडीला जायचा आणि तिघांत खरा वादक तेवढा तोच होता.

त्यामुळे आमचा बँड वर्षातून सहाच महिने चालायचा. दिवाळी झाली की ड्रमर बायकोला घेऊन टोळीबरोबर कोल्हापूरच्या बाजूला जायचा आणि उन्हं तापली की परत यायचा. मोठ्या शहरातले बँड म्हणे एकदाच फुटतात आणि मग पेपरात बातमी येते. आमचा दर दिवाळीला फुटायचा, दर उन्हाळ्यात जुळायचा आणि कुणाला पत्ताही लागायचा नाही.

ड्रमचा संच आम्हाला बीडच्या एका बंद पडलेल्या ब्रास बँडकडून मिळाला होता. मोठ्या ढोलावर लाल रंगात 'सर्व शुभकार्यासाठी' असं लिहिलेलं होतं. मी म्हणालो, हे पुसू, रॉक बँडला शोभत नाही. ड्रमर म्हणाला, "राहू दे बे. आपन काय अशुभ करनार हाय का?" त्याच्याशी वाद घालायला गेलं की तो असं काहीतरी साधं बोलायचा आणि माझी बोलती बंद व्हायची. मला ते आवडायचं नाही.

एकदा चकलांब्याच्या एका लग्नाची सुपारी मिळाली. 'बँड पाहिजे' एवढाच निरोप होता. आम्हाला वाटलं स्टेज असेल. जाऊन बघतो तर घोडा सजून उभा, नवरदेव वर बसलेला आणि सगळे म्हणतायत, चला, निघा पुढे. आता ड्रमर चालत कसा वाजवणार? शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ड्रम, जनरेटर आणि आम्ही तिघे असे चढलो. मी पहिलं गाणं सुरू केलं तेव्हा घोडा दोन पावलं मागे सरला आणि नवरदेवाचे मामा चार. कुणी नाचेना. मग ड्रमरने मला न विचारता हलगीचा ठेका धरला. अख्खी वरात हलली. आम्ही दोघे त्याच्यामागे कसेबसे फरफटत गेलो. वेशीजवळ एक हवालदार आले आणि म्हणाले, "मशिन बंद करा."

"साहेब, मशिन न्हाई, माणूस हाय," ड्रमर म्हणाला.

हवालदार जवळ आले, त्याच्या हातांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग माणूस हळू वाजवा."

तर असे आम्ही. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की आता आठ गाण्यांचा अल्बम करायचाच. मंडपवाल्याकडून गाद्या आणून गोदामाच्या भिंतींना बांधल्या, माइक उभे केले, माझा लॅपटॉप कापसाच्या गाठीवर ठेवला. चांगलं रेकॉर्डिंग सुरू झालं की बाहेर हमखास शेळी ओरडायची. एका गाण्यात ती अजून आहे, नीट ऐकलं तर सापडते. दिवाळीपर्यंत सात गाणी झाली. आठव्यावर गाडी अडली.

आठव्या गाण्याची चाल माझी होती. मला सरळ ठेका हवा होता, एक दोन तीन चार. ड्रमर तीन ठोके वाजवायचा आणि चौथा रिकामा सोडायचा.

"मधी मोकळी जागा कशाला?" मी विचारलं.

"राहू दे. तिथं काईतरी येतंय."

"काय येतंय?"

"ते सांगता येईना बे. पन येतंय."

मी म्हणालो, मी गणित शिकवतो, चार म्हणजे चार. तो हसला. मी चिडलो. मग म्हणालो, चार दिवस थांब, हे संपवूनच जा. तो म्हणाला, टोळी थांबत नसती. आणि गेला. मुकादमाची गाडी सुटली तेव्हा मी निरोप द्यायलासुद्धा गेलो नाही. एवढा राग धरायचं काही कारण नव्हतं, पण माझा राग असाच आहे, कारण बघून येत नाही.

पंधरा दिवसांनी त्याचा फोनवर ऑडिओ आला. फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, तेलाचा रिकामा डबा उलटा ठेवून त्याने ठेका वाजवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आठवं. बघ.' आता जे मी लिहितोय ते बेसवाल्यालाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मी तो ऑडिओ ऐकला नाही. पत्र्याच्या डब्यावरचा ठेका काय ऐकायचा, असं मनात म्हणालो आणि उत्तर पाठवलं, 'ऐकलं. जमलं नाही. परत पाठव.'

त्याने परत पाठवला. मी परत तेच लिहिलं. त्याने तिसऱ्यांदा पाठवला. तेव्हा शिकवणीत सराव परीक्षा चालू होत्या, पोरांच्या उत्तरपत्रिकांच्या फोटोंनी माझा फोन भरला होता. मी जागा करायला जुनं सगळं पुसलं. त्यात ते तिन्ही गेले. तिसऱ्याला तर उत्तरही दिलं नाही.

हंगाम संपायला महिना राहिला होता. त्याच्या पोटात दुखायला लागलं. टोळीचा खोळंबा नको म्हणून त्याने तीन-चार दिवस अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. मी मातीला गेलो, रडलो, आणि रडता रडता मला ते तीन ऑडिओ आठवले. मग मला रडायचीही लाज वाटायला लागली.

उन्हाळ्यात बेसवाल्याने मला गोदामात बोलावलं. ड्रमवर धूळ बसू नये म्हणून त्याने आपल्या वडिलांचं जुनं धोतर टाकलं होतं. म्हणाला, "अल्बम पुरा करायचा. त्याच्यासाठी. आठव्याचं त्यानं तुला पाठवलं हुतं ना? तू म्हनला हुतास, जमलं न्हाई म्हनून. कसं का असंना, तेच घालू."

"फोन बिघडला होता. सगळं गेलं," मी म्हणालो.

"मग वहिनीकडं असंल. त्याचा फोन तिच्याकडंच हाय. जा."

मी दोन आठवडे गेलो नाही. गाडीचं पंक्चर, आईचं औषध, उन्हाचा कडाका, एवढी कारणं मी एका दमात काढली की बेसवाला म्हणाला, तू शिकवणी सोड आणि पुढाऱ्यांची भाषणं लिही. शेवटी त्यानेच मला ट्रॅक्टरवर बसवलं आणि वहिनींच्या दारात सोडून, "दिंद्रुडला जाऊन येतो," अशी साफ खोटी थाप मारून निघून गेला. दिंद्रुड तिथून इतकं लांब आहे की ट्रॅक्टरने जाऊन यायला दिवस मोडला असता.

वहिनी ओसरीत मटकी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, चहा करून दिला, परत बसून सूप पुढे ओढलं.

"आठव्या गान्याचं ना?" त्याच म्हणाल्या. "हाय माझ्याकडं. पन भाऊजी, एक इचारू का? पैल्या बारीला माझ्या कानशीनंच बिघडलं हुतं ना?"

मला काहीच कळेना. "कसली कानस?"

"हे डबा वाजवायचे अन् मी शेजारी बसून कोयत्याला कानस मारायचे. सकाळच्याला धार पायजे ना. रोजचंच हुतं आमचं, फडावरनं आलं की. पैल्यांदा पाठवलं तवा तुमी म्हनला, जमलं न्हाई. दुसऱ्या बारीला मी हळू मारली. तरी न्हाई. मग तिसऱ्या बारीला ह्यांनी मला लांब बसवलं. म्हनले, तुझ्या आवाजानंच बिघडत असंल. मी दोन दिस बोलले न्हाई त्यांच्यासंगं."

इतके महिने मी एक वाक्य मनात घोळवत होतो आणि दर वेळी त्यात थोडं पाणी घालत होतो. तिथे ते जसंच्या तसं बाहेर आलं.

"वहिनी, मी ऐकलंच नव्हतं."

"कोनचं?"

"एकही."

त्यांचे हात सुपात तसेच फिरत राहिले. "मग कावून म्हनला, जमलं न्हाई?"

"राग आला होता. काम टाकून उसाला गेला म्हणून."

"राग आला हुता," त्या म्हणाल्या. एक खडा सापडला तो त्यांनी अंगणात टाकला. मी चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत बसलो. मला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि खरं तर घालाव्यात असंच वाटत होतं. त्यांनी पदराला हात पुसले, आतून फोन आणला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"मग आता ऐका," म्हणाल्या.

पहिल्या ऑडिओत कुठलातरी ट्रॅक्टर इतक्या जोरात चालू होता की आमचा बँड चार जणांचा वाटला असता. तरी खाली डबा ऐकू येत होता. टक टक टक, आणि चौथ्यावर कानशीचा लांब आवाज, खर्र. परत तीन, परत खर्र. दुसऱ्यात खर्र दबकत येत होती. तिसऱ्यात नुसता डबा होता. आवाज स्वच्छ, ठेका पक्का, आणि दर तिनानंतर चौथी जागा मोकळी. बायकोला त्याने लांब बसवलं होतं, पण तिची जागा भरून घेतली नव्हती. दिवाळीआधी गोदामात त्याला जे सांगता येत नव्हतं ते हे होतं. मी गणित शिकवतो आणि चारातला चौथा ओळखायला मला इतके दिवस लागले. शेवटी डबा थांबला आणि तो बोलला, "ऐक बे आता. जमलं का सांग."

मला तिथे बसवेना. अंगणात जाऊन उभा राहिलो आणि रडलो. ट्रॅक्टर बाभळीच्या सावलीत उभाच होता. बेसवाला दिंद्रुडला गेला नव्हता.

वहिनींनीच सांगितलं की तिसरा घ्या, त्यात ह्यांचं नीट ऐकू येतंय. मी म्हणालो, घेतो, पण कोयता आणि कानस घेऊन तुम्ही गोदामात यायचं. त्यांना ते काही पटेना. रेकॉर्डिंगला कुणी कानस मारतं का, असं त्यांचं म्हणणं. बेसवाला म्हणाला, "वहिनी, आमच्याकडं शेळी बी गायलेली हाय."

त्या आल्या. पदरावरून हेडफोन घातला, गादीवर मांडी घातली, कोयता गुडघ्यावर आडवा धरला. कानात नवऱ्याचा डबा सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पहिले दोन चौथे चुकले. तिसऱ्यापासून एकही चुकला नाही. गाणं संपल्यावर त्यांनी धारेवरून अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "परत करायचं का?" बेसवाल्याने नको म्हणून नुसती मान हलवली. सरपंचांच्या घरातला माणूस बोलायचा थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मग कुणी काय वाजवलं ते लिहायची वेळ आली. उसाच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी मोजताना 'एक कोयता' म्हणतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघं मिळून एक. एकटं माणूस असलं तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. बेसवाल्याला मोठा मजकूर हवा होता, त्यात 'कैलासवासी' होतं, 'पवित्र स्मृतीस' होतं, आणि त्याच्या वडिलांचं नावही सौजन्य म्हणून होतं. आमचं दोन दिवस भांडण झालं. शेवटी लिहिलं ते एवढंच : ड्रम्स – एक कोयता.

वहिनींनी लॅपटॉपवर बोट ठेवून सावकाश वाचलं. "अर्धा न्हाई ना लिवला?"

"न्हाई वहिनी. अख्खा," बेसवाला म्हणाला.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी गोदामापुढच्या अंगणात आम्ही अल्बम पहिल्यांदा लोकांना ऐकवला. वरातीच्या त्याच ट्रॉलीत स्पीकर लावले. ड्रमरच्या टोळीतली माणसं आली होती, अजून गावातच होती. माझी आई आली आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कानावर हात ठेवून बसली. शेळीच्या जागेला सगळे हसले. मग आठवं लागलं. टोळीतल्या बायकांनी पहिल्याच खर्रला ओळखलं आणि वहिनींकडे वळून बघितलं. त्या खाली बघत होत्या, पण गुडघ्यावरचं बोट दर चौथ्याला हलत होतं.

गाणं संपलं. स्पीकरमधून तो म्हणाला, "ऐक बे आता. जमलं का सांग."

ते आम्ही काढलं नव्हतं. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सांगा की," त्या म्हणाल्या.

"ऐकलं बे," मी ट्रॉलीकडे बघून म्हणालो. "जमलं."